तुझी शंभर मिलिमीटरची रेघ

दादा, माणसानं जाताना हातातलं काम तरी पुरतं करून जावं. ते जमणार नसेल तर निदान सामान जागच्या जागी ठेवावं. तू रेकॉर्ड प्लेअरचं जुनं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली ती इवलीशी डबी, काढून नवं लावायला घेतलंस, चहा टाकतेस का म्हणून वहिनीला विचारायला आत गेलास, आणि ओट्याला धरून खाली बसलास तो बसलासच. बाहेरच्या खोलीत प्लेअरचं झाकण उघडंच राहिलं. आर्मच्या टोकाला, म्हणजे सुई धरणाऱ्या त्या लांब दांडीच्या टोकाला, चार रंगीत तारांवर लोंबकळणारं कार्ट्रिज. शेजारी चिमटा, भिंग, आणि बशीत दोन बारीक स्क्रू. वहिनीनं त्या टेबलाला कुणाला हात लावू दिला नाही. भेटायला येणारी माणसं त्याला वळसा घालून बसायची आणि बशीकडे अशी बघायची, जणू तुझ्या अस्थी तिच्यातच ठेवल्या आहेत.

तुझी छापील माहिती मी इथे देणार नाही. ती बँकेतल्या मित्रांनी शोकसभेत वाचून दाखवली आणि त्यातही तुझ्या शाखांची नावं चुकवली. एक गृहस्थ तुझ्या शांत, समंजस स्वभावावर बराच वेळ बोलले. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आलो की काय, अशी मला शंका आली. वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरत नाही. आम्ही दोघी हसत होतो, दादा. बाहेर येऊन रिक्षात बसलो तेव्हा मात्र दोघींनाही खरंच आवरेना. रिक्षावाला बिबवेवाडीपर्यंत चकार शब्द बोलला नाही. पुण्यात याला सांत्वन म्हणतात.

दिवसवार झाल्यावर वहिनीनं मला पुन्हा बोलावून घेतलं. ते टेबल दाखवून म्हणाली, "शोभा, एवढं नीट बसवून दे. मला यांचा आवाज ऐकायचाय."

तुझा आवाज या घरात दुसरीकडे कुठेही नाही, हे सर्वस्वी तुझं कर्तृत्व. तुझ्या लेकानं, निखिलनं, अमेरिकेहून आन्सरिंग मशीन आणलं, तर आपण घरी नाही हे चोरांना कशाला सांगायचं, असं म्हणून तू त्यात बोलायलाच नकार दिलास. मोबाइल घेतला नाहीस. निखिलच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तू आहेस, पण व्हिडिओवाल्यानं अख्ख्या लग्नावर सनई चढवली आहे. तू पंगतीत आचाऱ्याला काहीतरी ठणकावून सांगतो आहेस, ओठ हलताहेत, हात हलताहेत, आणि ऐकू येते आहे सनई. वहिनीनं तो तुकडा मागे नेऊन नेऊन बघितला आणि मग टीव्हीच बंद केला. राहता राहिली ती रेकॉर्ड. तिच्या शेवटी तुझा आवाज आहे, असं तू सगळ्यांना सांगत आलास. नाही, असं मी सांगत आले.

मी वहिनीला विचारलं, इतकी वर्षं हा माणूस सांगत होता, तू स्वतः कधी ऐकलंस का? तिनं मान हलवली. "मी कशाला ऐकत बसू? घरात माणूस दिवसभर बोलतोय, त्याचा आवाज रेकॉर्डवर कोण ऐकतं?" मी कामाला हो म्हटलं. मनातून मला खात्री होती की त्या रेकॉर्डवर तुझा आवाज नाही, आणि ते वहिनीला कळायची वेळ माझ्याच हातून येणार. असली कामं माझ्या गळ्यात घालून तू नामानिराळा राहणार, ही तर तुझी लहानपणापासूनची पद्धत.

पेठेतल्या शाळेच्या पटांगणात बाईंचं गाणं होतं. आपल्या घरात त्यांना नावानं कुणी म्हणत नसे, नुसतं बाई म्हटलं की कळायचं. मी पॉलिटेक्निकमध्ये नुकती शिकवायला लागले होते, तुझं लग्न व्हायचं होतं. या गाण्याची रेकॉर्ड निघणार आहे अशी बातमी तू कुठूनशी काढली होतीस. त्यामुळे सतरंज्या घालायच्या आधीच आपण तिथे हजर. श्रोत्यांच्या टाळ्या टिपायला एक माइक उभा केला होता, तू मला बरोबर त्याच्याखाली नेऊन बसवलंस. बाईंनी भैरवी अशी गाइली की शेवटी काही क्षण टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, म्हणून सांगते, तू तोंड उघडलं नव्हतंस. चांगलं गाणं ऐकलं की तू मुका व्हायचास. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

पण रेकॉर्ड बाजारात आली आणि तू जाहीर केलंस की भैरवी संपल्यावर टाळ्यांमध्ये जो 'वा, बाई' ऐकू येतो, तो तुझा. मला तर नुसता कल्लोळ ऐकू आला. तू म्हणालास, सुई तिरकी बसली आहे, म्हणून फाटतं आहे. नीट बसली की कळेल. तू हे बँकेत सांगितलंस, लग्न ठरल्यावर वहिनीच्या वडिलांना सांगितलंस, पुढे निखिलच्या सासऱ्यांनाही सोडलं नाहीस. त्या सज्जन माणसानं 'हो का' म्हणून माझ्याकडे बघितलं आणि मी नाही अशी मान हलवली. तू नंतर दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नव्हतास.

सुई तिरकी म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना सांगावं लागेल. तू मध्ये बोलू नकोस. रेकॉर्डवरची चर बाहेरच्या कडेपासून आत लेबलापर्यंत जाते. आर्म मात्र एका जागी अडकवलेला असतो, त्यामुळे सुई सरळ आत न जाता कमानीत जाते. परिणामी ती चरीच्या तंतोतंत दिशेला फक्त दोन ठिकाणी येते, बाकी सगळीकडे थोडी वाकडी. वाकडी सुई आवाज फाडते, आणि लेबलाजवळ गोल लहान होत जातात तिथे तर जास्तच. ती दोन ठिकाणं कुठे हवीत, हे प्रोट्रॅक्टर नावाच्या कार्डावर दोन ठिपक्यांनी दाखवलेलं असतं. कार्ड रेकॉर्डच्या जागी बसवायचं, सुई ठिपक्यावर टेकवायची, आणि कार्ट्रिजच्या कडा कार्डावरच्या रेघांना समांतर दिसेपर्यंत ते केसभर, अर्धा केस असं सरकवत राहायचं. एका ठिपक्यावर जमलं की दुसऱ्यावर बिघडतं. दुसऱ्यावर जमवलं की पहिल्यावर. दोन्हीकडे जमलं की श्वास रोखून स्क्रू आवळायचे, आणि आवळताना ते पुन्हा हलतं.

माझं म्हणणं, ठरलेल्या दोन जागा धराव्यात, म्हणजे सगळी रेकॉर्ड सारखी वाजते. तुझं म्हणणं, सुरुवात गेली खड्ड्यात, आपल्याला शेवट हवा. एका 'वा'साठी अख्खं गाणं बिघडवायला निघालेला तू एकटाच रसिक.

आणि हे सगळं कधी, तर जग रेकॉर्डी विसरल्यावर. लोक कॅसेटवरून सीडीवर गेले होते, रेकॉर्डी जुन्या बाजारात गंजक्या इस्त्र्यांच्या शेजारी पडल्या होत्या. बँकेत कॉम्प्युटर आले आणि तू स्वेच्छानिवृत्ती घेतलीस. तुझ्याबरोबर सुटलेले कुणी शेअर बाजार शिकायला लागले, कुणी मुलाकडे न्यू जर्सीला नातवंडं सांभाळायला गेले. तू बुधवार पेठेत, रेडिओ-स्पीकरच्या दुकानांत, जायला लागलास. तिथल्या दुकानदारांनी तोवर मोबाइलची कव्हरं मांडली होती आणि तू त्या काउंटरवर हात टेकून सुईच्या टोकाच्या आकारावर बोलायचास. एकदा मी बरोबर होते. दुकानदार मला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचे बंधू आले की आम्ही डबा उघडतो. तसंही गिऱ्हाईक थांबत नाही." तुला ते ऐकू गेलं नाही. तू भिंगातून सुई बघत होतास.

तुझ्यावरचा हा सगळा राग लिहिताना मला तो ड्रॉइंग बोर्डही आठवतो. मी पॉलिटेक्निकला जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. तू पहिल्या पगारातून बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन आलास, बोर्ड जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवलास आणि बाबांना सांगितलंस की हिचा फॉर्म भरल्याशिवाय हा इथून हलणार नाही. बाबा आपलं ताट घेऊन खाली पाटावर बसले, पण फॉर्म भरला. मोजल्याशिवाय रेघ मारायची नाही, हे मी त्या बोर्डावर शिकले. ज्यानं तो आणून दिला तो मात्र आयुष्यभर अंदाजानं जगला.

मग निखिलनं अमेरिकेहून ई-मेलनं तो प्रोट्रॅक्टर पाठवला. तू सायबर कॅफेत जाऊन तो छापून घेतलास, शेजारच्या दुकानात लॅमिनेट करून घेतलास आणि तसाच बस पकडून मला दाखवायला कोथरूडला आलास. मला मान्य आहे, वस्तू देखणी होती. दोन ठिपके, त्याभोवती बारीक रेघांची जाळी, आणि खाली एक आडवी रेघ. रेघेखाली इंग्रजीत लिहिलेलं, ही रेघ बरोबर शंभर मिलिमीटर असली पाहिजे. मी म्हटलं, पट्टी लावून बघितलीस का? तू माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलंस.

"अगं, खाली लिहिलंय ना शंभर आहे म्हणून. मोजायचं काय त्यात?"

मी तुला समजावलं, दादा, ते शंभर आहे असं सांगत नाहीत, तुला मोजून बघायला सांगताहेत. छापताना लहानमोठं होतं. तू म्हणालास, त्यांनी मोजल्याशिवाय पाठवलं असेल का, अमेरिकेतून आलंय ते. जन्मभर छापील कागदावर शिक्का मारलेला माणूस, कागदावर लिहिलेलं खोटं असू शकतं हे तुला पटणार कसं? मी कंपासपेटी शोधून पट्टी काढेपर्यंत तू कार्ड पिशवीत घालून जिना उतरला होतास. त्यानंतर ते लोखंडी कपाटात, वहिनीच्या पाटल्यांच्या कप्प्यात गेलं. मी बिबवेवाडीला आले की कपाटाची किल्ली तुझ्या खिशात असायची.

त्या कार्डानंतर तू एक नवीन खूळ काढलंस. आधी तू मला शेवट मुद्दाम ऐकवायचास आणि आपण भांडायचो. कार्ड आल्यापासून शेवट ऐकवणंच बंद. भाऊबीजेला ओवाळून झालं की तू रेकॉर्ड लावायचास, भैरवी संपत आली की गुडघ्यांवर हात ठेवून उठायचास आणि सुई उचलायचास. शेवट अजून बसला नाही म्हणे. पुढच्या वेळी. मी म्हणायचे, फाटका तर फाटका, माझ्या कानांनी ऐकू दे. तू म्हणायचास, फाटका आवाज ऐकवून बाईंचा अपमान करणार नाही. माझ्या घरी माझी प्रत होती, माझा प्लेअर मी रीतसर बसवला होता, आणि त्यावर शेवटच्या टाळ्या कढईत पापड टाकल्यासारख्या वाजायच्या. वा नाही की काही नाही. हे सांगितलं की तू म्हणायचास, तुझं कार्ट्रिज चुकीचं बसलंय. एंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवण्यात केस पांढरे झालेल्या बाईला हे सांगायचं धाडस फक्त तूच करू जाणे. 'वा'ची गोष्ट लोकांना सांगणंही तू हळूहळू सोडलंस. मला वाटलं, वय झालं.

मागच्या रविवारी दुपारी मी पट्टी घेऊन आले. वहिनीनं कपाट उघडून दिलं. कार्ड काढलं आणि त्या रेघेवर स्टीलची पट्टी ठेवली. रेघ साडेनऊ सेंटिमीटर भरली.

साडेनऊ, दादा. अमेरिकेतला कागद आपल्यापेक्षा रुंद असतो. सायबर कॅफेतल्या मुलीनं तो आपल्या कागदात मावावा म्हणून लहान करून छापला, आणि तू त्या लहान झालेल्या कार्डावर भिंग लावून, श्वास रोखून, केस-अर्धा केस करत इतकी वर्षं कार्ट्रिज बसवत राहिलास. एवढी काळजी, एवढी निगुती, आणि सगळी चुकलेल्या मापावर. मी तिथेच कपाटापुढे फरशीवर बसले. मला तुझा असा राग आला की तुला समोर उभं करून, हातात पट्टी देऊन, ती रेघ मोजायला लावावी. मोज, आणि मोठ्यानं सांग किती आहे. आणि तू नव्हतास. तू गेलास हे मला दवाखान्यात कळलं नव्हतं, वैकुंठ स्मशानात कळलं नव्हतं, ते त्या फरशीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी निखिलकडून मागवून तोच प्रोट्रॅक्टर खऱ्या मापात छापला, आडवा मोजला, उभा मोजला, मधलं भोक व्यवस्थित पाडलं. बिबवेवाडीला येऊन तुझं कार्ड वहिनीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, चहाच्या चोथ्यावर. अख्खी दुपार नवं कार्ट्रिज बसवण्यात गेली. वहिनी दिवाणावर मांडीत हात ठेवून बसली होती. मध्येच तिनं वर जाऊन भाडेकरू मुलांना हळू चालायला सांगून ठेवलं. ती विदर्भातली, आयटीत काम करणारी मुलं, ज्यांना तू सुई उडते म्हणून घरात बूट काढायला लावलेस. तू गेल्यावर त्यांनी वहिनीला अगदी संकोचून विचारलं होतं, की आता बूट घालून चाललं तर चालेल का. वहिनी म्हणाली होती, थोडे दिवस नको. त्यामुळे वर अजूनही सगळे दबकत चालतात.

मी भैरवीची बाजू सुरुवातीपासून लावली. दादा, तुझ्या घरात ती रेकॉर्ड इतकी सुरेख कधी वाजली नव्हती. तानपुऱ्याची तार न तार वेगळी. बाई षड्जावर यायच्या आधी श्वास घेतात तो ऐकू येत होता. हे सगळं तू स्वतःच्या हातानं, लॅमिनेट करून, खराब केलं होतंस. मी वहिनीकडे बघितलं, पण ती गाणं ऐकत नव्हती. ती शेवटाची वाट बघत होती. भैरवी संपली, टाळ्या सुरू झाल्या, आणि तोच कल्लोळ. पापड. मग सुई लेबलाला जाऊन खरखरायला लागली.

"झालं?" वहिनीनं विचारलं.

मी म्हटलं, झालं. त्यात काही नाही, वहिनी, नव्हतंच कधी, मी पहिल्यापासून हेच सांगत आले होते. तिचा चेहरा बघितला आणि मला माझंच बोलणं नकोसं झालं. ती उठून आत गेली. परत आली ती तुझं कार्ड पदरानं पुसत. चहाची पत्ती अजून एका कोपऱ्याला चिकटलेली होती.

"याच्यावर बसव," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. पाकिटाच्या पाठीवर आकृती काढून दाखवली, खरं माप, चुकलेलं माप, आर्म कुठे, ठिपका कुठे. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू बरोबर असशील, शोभा. पण तुझं बरोबर असणं मला काय करायचंय? मला हे हवेत."

मी स्क्रू सैल केले.

मी असं कार्ड वापरताना एखाद्या विद्यार्थ्याला बघितलं असतं तर त्याची शीट फाडली असती. चुकीच्या मापावर बसवणंही काही सोपं नसतं, हे सांगून ठेवते. तिथेही कडा रेघांना समांतर यावी लागते, तिथेही एका ठिपक्यावर जमलं की दुसऱ्यावर बिघडतं. मी तुला शिव्या देत, चिमट्यानं कार्ट्रिज ढकलत, तुझ्याच भिंगातून बघत होते. बघता बघता थांबले. कार्ड लहान झालं म्हणजे दोन्ही ठिपके मध्याकडे सरकले. म्हणजे सुई सरळ होते ती जागाही लेबलाकडे सरकली. म्हणजे तुझ्या कार्डानं सुरुवात बिघडत होती, पण बरोबर शेवटाला, जिथे टाळ्या आहेत तिथे, सुई सरळ येत होती. ज्या शेवटासाठी तू जन्मभर धडपडलास तो सायबर कॅफेतल्या त्या मुलीनं तुला न विचारता, काही न समजता, नीट करून दिला होता.

मग तुझ्या घरी शेवट फाटतच नव्हता. कार्ड आलं त्या दिवसापासून तुला तो स्वच्छ ऐकू येत होता. तरी दर भाऊबीजेला तू गुडघे धरून उठत होतास आणि माझ्या कानावर पडायच्या आत सुई उचलत होतास. का, ते मला कळेना. मी स्क्रू आवळले. कार्ट्रिज हललं नाही.

या वेळी सुई शेवटच्या तुकड्यावरच टेकवली. वहिनी दिवाणावरून उठून स्पीकरपाशी खाली बसली. बाईंचा आवाज खालच्या स्वरावर आला, थांबला. ती शांतता आली. मग टाळ्या, आता एकेक वेगळी. मागे कुणीतरी खोकलं. आणि अगदी जवळून, माइकच्या खालून, तुझा आवाज आला. तरुण, घाईतला आणि वैतागलेला.

"शोभे, ऊठ. आधी चपला बघ, मग गर्दी होईल."

वा नाही. बाई नाही. चपला.

वहिनीनं दोन्ही हात तोंडावर धरले. मला वाटलं ती रडते आहे, आणि ती रडतच होती, पण हसतही होती. "एवढं गाणं झालं," ती म्हणाली, "आणि यांना चपला." मग हात खाली घेऊन हळूच म्हणाली, "मला भेटायच्या आधीचे आहेत ना गं हे?" मी हो म्हटलं. तिनं स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

तर म्हणून तू उठत होतास. कार्ड आलं, शेवट नीट ऐकू आला, आणि त्यात वा नव्हता हे तुला कळलं. मी बरोबर होते. हे मला कळू नये म्हणून एका वयस्क माणसानं दर भाऊबीजेला बाईंच्या अपमानाची सबब सांगितली. आणि तू एकटा असताना ते ऐकत असणार, दादा. वहिनी म्हणते, ती भाजीला गेली की तू रेकॉर्ड लावायचास. तू मला हाक मारतो आहेस, हे तू ऐकायचास आणि मला ऐकू द्यायचा नाहीस. मला ते वाक्य आठवतसुद्धा नाही. कसं आठवणार? तू दिवसातून अशी ढीगभर वाक्यं माझ्या अंगावर टाकायचास, ती कोण लक्षात ठेवतं? मी उठले असेन, चपला शोधल्या असतील, आपण घरी गेलो असू.

वाद मी जिंकले. इतक्या वर्षांचा वाद, पुराव्यासकट, तुझ्याच आवाजात जिंकले. आणि ज्याला हे तोंडावर सांगायचं, ज्याचा चेहरा बघायचा, तो तू. दुसऱ्या कुणाला सांगण्यात काही अर्थ नाही. वहिनीला तर कोण जिंकलं याच्याशी काडीचं देणंघेणं नाही.

कार्ट्रिज मी तसंच ठेवलं आहे, चुकीचं. आता ते कुणी नीट करायचं नाही असं वहिनीनं बजावलं आहे, आणि रोख माझ्याकडे होता. त्या दिवशी ती स्पीकरपाशीच बसून राहिली आणि म्हणाली, पुन्हा लाव. मी लावलं. टाळ्या आल्या. तू म्हणालास, शोभे, ऊठ. ती म्हणाली, पुन्हा. ऊन उतरेपर्यंत आमचं तेच चाललं होतं, आणि दादा, तू ऊठ म्हटलंस की मी दर वेळी खुर्चीतून अर्धी उठत होते.